पोर्टफोलिओ पाठवायचा म्हणजे नेमकं काय करायचं: एका वर्षाची हकीगत

२ जून २०२५ ला मी यूकासच्या (ब्रिटनमधल्या पदवीचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात तिच्या) पानावर एका विद्यापीठापुढे 'फर्म' (पहिली पसंती) आणि दुसऱ्यापुढे 'इन्शुरन्स' (ते हुकलं तर राखीव) निवडलं आणि लॅपटॉप मिटला. ब्रिटनमध्ये जाऊन इलस्ट्रेशन शिकायचं ठरवल्यापासून इथवर यायला एक वर्ष गेलं. आमच्या ओळखीत या वाटेने आधी कोणी गेलेलं नव्हतं. एजंटकडे जायचं नाही हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्यामुळे जे कळलं ते वाचून, मेल पाठवून आणि चुका करून कळलं. यातल्या काही गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला. माझ्या मते तेव्हा माझ्याकडे कपाटभर काम होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाची चित्रं, स्पर्धांची चित्रं, फोटोंवरून केलेली पेन्सिलची पोर्ट्रेट्स. सगळं गुंडाळून शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडे गेले. त्यांनी एकेक कागद नीट पाहिला आणि विचारलं, "यातलं तुझं तू ठरवून केलेलं कुठलं?" मी गप्प झाले. कुठे विषय दिलेला होता, कुठे वेळ दिलेला होता, आणि पोर्ट्रेट्समध्ये तर नजरही त्या फोटो काढणाऱ्याची होती. पिशवीत तळाशी एक लहान वही होती, तिच्यात प्रवासात काढलेली माणसं होती. सरांनी ती बाजूला काढून ठेवली आणि म्हणाले, "इथून सुरू कर. एक वर्ष थांबायची तयारी आहे का बघ."

एक वर्ष थांबायचं हे घरी सांगणं सोपं नव्हतं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वर्षाचा हिशेब कागदावर मांड, मग बघू. मी कॅलेंडर काढून महिने लिहिले. ते पुढे फारसं पाळलं गेलं नाही, पण तो कागद मांडल्यामुळे घरच्यांचा विश्वास बसला.

जूनअखेर पाच अभ्यासक्रम नक्की केले. यूकासमध्ये जास्तीत जास्त पाचच निवडता येतात. तुम्ही बाकी कुठे अर्ज केलाय हे निर्णय होईपर्यंत कुठल्याच विद्यापीठाला दिसत नाही, आणि पर्सनल स्टेटमेंट (अर्जातलं स्वतःबद्दलचं लिखाण) मात्र पाचही ठिकाणी एकच जातं. म्हणून अभ्यासक्रम एकमेकांच्या जवळचे असलेले बरे. मी आधी दोन ॲनिमेशनचे घेतले होते, ते काढले.

इथे मला पहिला धक्का बसला. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाचा संच, यूकासला पाठवायचाच नसतो. यूकासच्या अर्जात चित्रं जोडायला जागाच नाही. अर्ज आधी यूकासकडे जातो, तिथून विद्यापीठांकडे जातो, आणि मग ज्याचं त्याचं विद्यापीठ मेल करून आपल्या पोर्टलवर पोर्टफोलिओ मागवतं. कोणी पीडीएफ मागतं, कोणी आपलंच साधन वापरायला लावतं. युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनमध्ये त्यासाठी पेबलपॅड आहे. कोणी किती पानं, कोणी किती एमबी, कोणी सोबत छोटं टिपण. मी एका वहीच्या जोडपानावर पाच रकाने आखले आणि प्रत्येकाची अट त्यांच्याच पानावरून उतरवून घेतली. त्या रकान्यांमध्ये वर्षभर खाडाखोड होत राहिली, कारण काही ठिकाणी अटी नव्या वर्षासाठी सप्टेंबरनंतर बदलल्या. जुलैत वाचलेलं डिसेंबरात पुन्हा वाचा.

सगळ्यांच्या पानांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची: स्केचबुकं दाखवा, प्रक्रिया दाखवा, फसलेलंही दाखवा. हे मला पटायला वेळ लागला. तिकडची बरीच मुलं शाळा संपल्यावर पदवीआधी एक वर्षाचा फाउंडेशन डिप्लोमा करतात. त्या वर्षात प्रयोग करायचे आणि वह्या भरायच्या एवढंच मुख्य काम असतं. पोर्टफोलिओ बघणाऱ्यांना त्या वह्यांची सवय असते. आपण ग्रेड परीक्षेला बसतो तेव्हा वेळ लावून, स्वच्छ कागदावर, खोडरबराचे डाग दिसू न देता मेमरी ड्रॉइंग पुरं करतो. त्या परीक्षांनी माझा हात तयार केला, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण कच्चं काम लपवायची सवयही तिथूनच लागली होती, आणि ती मोडायला मला तीन महिने लागले.

विषय घरातच मिळाला. आजीचं पायाचं शिलाई मशीन गॅलरीत पडून होतं आणि दिवाळीच्या आत ते भंगारात द्यायचं घाटत होतं. मी म्हटलं, मला चार महिने द्या. ऑगस्टपासून रोज संध्याकाळी आजी मशीनवर बसायची आणि मी जमिनीवर बसून काढायचे. पहिल्या आठवड्यातली चित्रं दिसायला छान होती आणि सगळी चूक होती. पायटा खाली गेला की चाकाला जोडलेली ती उभी कांब वर जाते की खाली, हे मला माहीतच नव्हतं. मी अंदाजाने काढत होते. आजीने एका चित्रावर बोट ठेवून सांगितलं, "हे असं असेल तर मशीन उलटं फिरेल, दोरा तुटेल." मग मी कांबेची नुसती हालचाल काढत बसले. एका पानावर नऊ वेळा, पायट्याच्या नऊ जागा. त्यात एक पान असं आहे की चामड्याच्या पट्ट्याचं तेल लागून त्याचा कोपरा पारदर्शक झालाय. त्या डागातून मागच्या पानावरचं आजीचं पाऊल दिसतं, बरोबर पायट्यावर पडल्यासारखं. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. ते पान मी फाडणार होते.

ऑक्टोबरअखेर दोन वह्या, चाळीसेक सुटे कागद आणि एक घडीचं लांब पुस्तक एवढं जमलं. त्याशिवाय प्रवासातली माणसं, एक छोटा लिनोकटचा (लिनोलियम कोरून त्याचा ठसा उमटवायचा) प्रयोग आणि अक्षरांचं थोडं काम. फोटोवरून केलेली पोर्ट्रेट्स सगळी बाहेर ठेवली. त्यांच्यावर सगळ्यात जास्त तास गेले होते, त्यामुळे वाईट वाटलं.

नोव्हेंबर गेला फोटो आणि स्कॅनिंगमध्ये. हे काम मी दोन दिवसांचं धरलं होतं, लागले सोळा. घरच्या स्कॅनरने पेन्सिलच्या फिकट रेषा खाऊन टाकल्या. नंतर कळलं की त्यात चित्र 'सुधारायची' सोय आपोआप चालू असते. ती बंद करून ३०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केलं तेव्हा कागदाचा पोतही आला. मोठ्या कागदांचे फोटो मोबाइलनेच काढले. कागद खिडकीजवळ भिंतीला उभा लावायचा, ऊन थेट पडत नसेल अशी वेळ धरायची, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरायचा आणि थोडं लांबून झूम करायचं, म्हणजे कडा वाकत नाहीत. गडद पेन्सिलकाम चकाकतं. ते टाळायला उजेड समोरून न घेता बाजूने घ्यायचा. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. रंग ठीक करताना कागद पांढराशुभ्र करायचा मोह होतो, तो आवरा. माझे पहिले सगळे फोटो झेरॉक्ससारखे दिसत होते ते त्यामुळेच.

पीडीएफ आडवी केली, कारण बघणारे पडद्यावर बघणार. प्रत्येक पानावर एक किंवा दोनच गोष्टी, खाली एक ओळ: काय आहे, माध्यम, आकार सेंटिमीटरमध्ये, महिना-वर्ष. आकार लिहायला विसरू नका. पडद्यावर तळहाताएवढं चित्र आणि दोन मीटरची घडी सारखीच दिसते. फाइलच्या नावात यूकासचा दहा अंकी पर्सनल आयडी आणि आडनाव.

याच काळात शिफारसपत्राचं प्रकरण चालू होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त जीव त्यातच टांगणीला लागला. शाळा-कॉलेज सोडलेल्या विद्यार्थ्याला अर्जात शिक्षकांचा मेल पत्ता भरावा लागतो. यूकास त्यांना थेट लिंक पाठवतं आणि ते ऑनलाइनच लिहितात. आपल्याला कागद हातात मिळत नाही. सरांना ही पद्धत नवी होती. त्यांनी लेटरहेडवर सुंदर पत्र लिहून, शिक्का मारून, पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. ते तसं चालत नाही हे सांगताना मला फार अवघडल्यासारखं झालं. शेवटी एका शनिवारी त्यांच्या घरी बसलो. मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडली होती. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि दीड तास लिहीत होते. काय लिहिलं ते मी आजवर वाचलेलं नाही. शिफारस लिहिणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगा, आणि मेल आली का हे त्यांच्याशेजारी बसून बघा.

पर्सनल स्टेटमेंटला ४,००० अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागा धरून. माझा पहिला मसुदा लहानपणापासूनच्या आवडीवर होता. चौथ्या मसुद्यात तो पूर्ण गेला आणि कांबेची नऊ चित्रं आली. मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी जुळतो का हे यूकास तपासतं, तेव्हा नेटवरच्या नमुन्यांतलं एक वाक्यही उचलू नका.

अर्ज १२ डिसेंबरला पाठवायला बसले. शुल्क २८.५० पौंड, म्हणजे साधारण तीन हजार रुपये. बाबांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, पैसे तीनदा नाकारले गेले. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू केल्यावर रात्री साडेदहाला अर्ज गेला. शेवटची तारीख २९ जानेवारी होती, तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेअकरापर्यंत. पण कला-अभ्यासक्रमाला त्या दिवसाची वाट बघू नका. पोर्टफोलिओची मुदत यूकासच्या तारखेवर नसते. विद्यापीठाची मेल आली की तिथून तुमचे दिवस मोजले जातात.

मग मेलची वाट. पहिली तिसऱ्या दिवशी आली. नाताळच्या सुट्टीत सगळं थंड होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चार ठिकाणांहून पोर्टलचे लॉगिन आले. पाचवं येईना. मी रोज यूकासचं पान उघडून बघायचे, तिथे काहीच बदलायचं नाही. १७ जानेवारीला स्पॅम चाळताना ती मेल सापडली, ३ तारखेची. मुदत दोन आठवड्यांची होती आणि ती त्याच दिवशी संपत होती. हात थरथरत होते. फाइल तयार होती म्हणून निभावलं. अर्ज केल्यावर रोज स्पॅम बघायची सवय लावून घ्या, आणि अर्जात मेल पत्ता तोच द्या जो तुम्ही खरोखर उघडता.

अपलोड करताना प्रत्येक ठिकाणी वेगळी अडचण आली. एकाची मर्यादा २५ एमबीची, माझी पीडीएफ १४०. आपोआप लहान करणाऱ्या साइटवर टाकली तर रेषा तुटक झाल्या. शेवटी प्रत्येक चित्राची लांब बाजू २,००० पिक्सेलच्या आसपास आणून, जेपीईजी करून पुन्हा पीडीएफ बांधली, २२ एमबी झाली आणि पडद्यावर फरक दिसेना. दुसऱ्यांना पानं एकेक करून चढवून प्रत्येकाखाली मजकूर भरायचा होता. मध्येच लॉगिन संपलं आणि अकरा पानांचा मजकूर गेला. तेव्हापासून मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून तिथून चिकटवत गेले. तिसऱ्यांना घडीच्या पुस्तकाचा छोटा व्हिडिओ लिंकने चालणार होता. ती लिंक मी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी मेल आली की ती उघडत नाही, परवानगी मागतेय. ड्राइव्हवरची फाइल फक्त माझ्यापुरती होती. पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन नसताना उघडून बघायची, हे दहा सेकंदांचं काम मी केलं नव्हतं. त्यांनी चूक समजून घेतली आणि दोन दिवस दिले. नम्रपणे, दोन ओळींत, पर्सनल आयडी देऊन मेल केली की तिकडून बहुतेक वेळा उत्तर येतं.

तेलाचा डाग पडलेलं पान मी पाचपैकी तीनच ठिकाणी घातलं. उरलेल्या दोन ठिकाणी भीती वाटली.

जानेवारीअखेर पहिला नकार आला. कारण नाही, एक ओळ. मी त्या दिवशी वही उघडली नाही. नंतर मेल करून अभिप्राय मागितला तर कळलं की अर्जांच्या संख्येमुळे ते वैयक्तिक अभिप्राय देत नाहीत. हेही माहीत असलेलं बरं.

१२ फेब्रुवारीला पहिली ऑनलाइन मुलाखत झाली, वीस मिनिटांची. मी तंत्रावरच्या प्रश्नांची तयारी केली होती: कुठली शाई, कुठला कागद, कुठले चित्रकार आवडतात. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पडद्यावर माझी पानं सरकवत नेली आणि विचारलं, "या सगळ्यात हात आहेत, पाय आहेत, पाठ आहे. त्यांचा चेहरा एकाही चित्रात नाही. हे ठरवून केलंय का?" मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. काहीतरी शहाणपणाचं उत्तर जुळवायचा विचार मनात आला, पण घसा कोरडा पडला होता, म्हणून खरं तेच सांगितलं. आजीला चेहरा काढलेला आवडत नाही. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, काम बघ, माझ्याकडे बघू नकोस. बाई थांबल्या, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या की मग ही अट तुझ्या पुस्तकात दिसायला हवी होती, वाचणाऱ्याला ती कळली पाहिजे. पुढची दहा मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोललो. मुलाखत संपल्यावर मी आधी ते सगळं लिहून काढलं. पुस्तकाचं पहिलं पान त्याच आठवड्यात नव्याने केलं. ते कोणाला पाठवायचं नव्हतं तरी केलं. तीन आठवड्यांनी तिथून ऑफर आली, इंग्रजीच्या परीक्षेची अट घालून.

मार्चमध्ये एका ठिकाणाहून वेगळंच उत्तर आलं: थेट पहिल्या वर्षाला प्रवेश नाही, पण फाउंडेशन वर्षासह चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला देतो. याला मी आधी नकारच समजले. सरांनी समजावलं की हा प्रवेशच आहे, फक्त एक वर्ष आणि एका वर्षाची फी जास्त. फीमुळेच ते सोडावं लागलं.

दुसरी मुलाखत २ एप्रिलला, तिकडच्या दुपारी दोनला. आधीच्या अनुभवावरून साडेपाच तासांचा फरक धरून मी साडेसात लिहून ठेवले होते. आदल्या रात्री सहज जगाचं घड्याळ बघितलं आणि पोटात गोळा आला. मार्चच्या शेवटच्या रविवारी, २०२५ मध्ये ३० तारखेला, तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात. म्हणजे फरक साडेचार तासांचा, मुलाखत साडेसहाला. मार्च-एप्रिलच्या प्रत्येक वेळेला हे तपासा. ही मुलाखत बरी झाली, ऑफर एप्रिलअखेर आली. दुसरा नकार मेच्या पहिल्या आठवड्यात. त्या वर्षी १४ मेपर्यंत सगळ्यांची उत्तरं आलेली असली तर आपलं उत्तर ४ जूनपर्यंत द्यायचं होतं. मी २ ला दिलं. फर्म म्हणून चेहऱ्याचा प्रश्न विचारणारं विद्यापीठ निवडलं.

खर्चाचं म्हणाल तर पोर्टफोलिओवर थेट पैसे फार गेले नाहीत. कागद, शाई, लिनो, दोन मोठी स्कॅन बाहेरून. यूकासचं शुल्क एकदाच. मोठे आकडे आता समोर आहेत. विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून ४९० वरून ५२४ पौंड झालं होतं. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) २०२५ मध्ये वर्षाला ७७६ पौंड होता, आणि तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम भरायचा. हे सुरुवातीच्या हिशेबाच्या कागदावर लिहायचं राहिलं होतं, बाबांनी नंतर लाल पेनाने भरलं.

२०२६ च्या प्रवेशासाठी दोन बदल झाले. पर्सनल स्टेटमेंट आता एकसलग नाही, तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच, पण प्रत्येक उत्तर कमीत कमी ३५० अक्षरांचं हवं. आणि त्या वर्षी तारीख अलीकडे आली होती, १४ जानेवारी २०२६, तिकडच्या संध्याकाळी सहा. म्हणजे फोटो काढायला ढगाळ दिवस शोधायचे ते पावसाळ्यातच शोधून ठेवा.

माझी इंग्रजीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. मशीन अजून गॅलरीतच आहे, चामड्याचा पट्टा नवीन घातलाय.